२८ लिटरचा ओव्हन, दोन हिवाळे आणि गाजराच्या कुकीज

नॉब १८० वर ठेवला की आमच्या ओव्हनच्या आत सरासरी १५५ अंश असतात. हे अंदाजाने लिहीत नाही. आत थर्मामीटर ठेवून, दर दोन मिनिटांनी आकडा वहीत उतरवून लिहितोय. ओव्हन घरी आला त्या दिवशी एवढं एकच वाक्य कुणी सांगितलं असतं, तर पहिल्या हिवाळ्यात कुकीजचे चार घाणे वाया गेले नसते.

मी एस.टी.च्या कऱ्हाड आगारात ३१ वर्षं मेकॅनिक होतो, २०२० ला निवृत्त झालो. ओव्हन मुलाने २०२३ च्या दिवाळीत आणून दिला. २८ लिटरचा, १५०० वॅटचा, वर-खाली दोन दोन रॉड असलेला, आत पंखा नसलेला साधा ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल. किंमत सात हजारांच्या आत. आणला होता त्याच्या आईसाठी, पण गुडघ्यामुळे हिला ओट्याशी फार वेळ उभं राहवत नाही, आणि समोर यंत्र असताना मला नुसतं बसवत नाही. नात सात वर्षांची, पुण्याला असते. तिला गाजराचा केक जिवापाड आवडतो. सूनबाईने फोनवर कृती सांगितली. केकचीच सगळी सामग्री, म्हणजे गाजर, दालचिनी, अक्रोड, बेदाणे, फक्त कुकीच्या रूपात. "आबा, केक शाळेच्या डब्यात चुरतो, कुकी चुरत नाही," एवढं तिचं म्हणणं. मला ते पटलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याला कारण आहे. शेजाऱ्यांकडे दुसऱ्या कंपनीचा २५ लिटरचा ओव्हन आहे. त्यातही माझाच थर्मामीटर ठेवून पाहिला, तिथे फरक उलटा निघाला, नॉबपेक्षा १५ अंश जास्त. तेव्हा हे दुखणं एकट्या एका कंपनीचं नाही, या किमतीतल्या ओव्हनमध्ये नॉबवरच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही, असंच मी सांगेन.

पहिला घाणा डिसेंबरातला. मंडईत लाल गाजरं नुकतीच आली होती. सांगितल्याप्रमाणे १७० वर १४ मिनिटं. दार उघडलं तर बारा कुकीजची एकच पोळी झालेली, कडा ओलसर, रंग पिठाचाच, आणि गाजराचा कीस दाताखाली कच्चा लागत होता. दुसऱ्या वेळी २५ मिनिटं ठेवल्या. आता बूड काळं, वरून मऊ, आणि गुळाचा करपट वास घरभर. तिसऱ्या-चौथ्याला वरचा रॉड, खालचा रॉड असं एकेक करून पाहिलं, कशाचाच मेळ बसेना. कंपनीच्या सेवा केंद्रात तक्रार नोंदवली. नऊ दिवसांनी एक जण आला, नॉब फिरवला, लाल दिवा लागला, "काका, चालू तर आहे की," म्हणाला आणि सही घेऊन गेला. तापमान मोजायचं साधन त्याच्या पिशवीत नव्हतं. याचा मला राग आला आणि अजून आहे. तापमान हेच ज्या यंत्राचं काम, ते तपासायला येणाऱ्याकडे थर्मामीटर नसावा? आगारात आमच्याकडे इंजिन गरम होतंय अशी तक्रार घेऊन ड्रायव्हर आला, की बोनेटला हात लावून त्याला परत पाठवत नव्हतो.

मग मीच ३५० रुपयांचा गोल, तबकडीचा, ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर घेतला. या ओव्हनला लागून ज्याने कुणी पैसे खर्च करायचे असतील त्याने पहिले इथे करावेत, साचे आणि स्पॅच्युला नंतर.

ओव्हनच्या आतला थर्मोस्टॅट म्हणजे दोन धातूंची जोडपट्टी. तापली की एक धातू जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते, संपर्क तुटतो, रॉड बंद. निवली की सरळ होते, रॉड पुन्हा चालू. जुन्या गाड्यांचा इंडिकेटर याच तत्त्वावर लुकलुकायचा, फ्लॅशर युनिटमध्ये अशीच पट्टी असायची. म्हणजे तापमान एका जागी कधीच थांबत नाही, वर-खाली झोके घेत राहतं. माझ्या वहीत १८० च्या नॉबला आतला आकडा १४३ पासून १६७ पर्यंत फिरताना दिसतो. आणि पट्टी बसवलेली असते बाजूच्या पत्र्याला टेकून. तो पत्रा तापला की तिला वाटतं सगळा ओव्हन तापला. म्हणून सहाव्या मिनिटाला दिवा विझतो, आपण समजतो प्रीहीट, म्हणजे ट्रे घालण्याआधीचं तापवणं, झालं, तेव्हा मधल्या कप्प्यात १३० सुद्धा नसतात. मी वीस मिनिटांच्या आत ट्रे घालत नाही. खरे १७० हवे असतील तर आमच्या ओव्हनला नॉब १९५ वर लागतो. तुमच्याकडे वेगळा आकडा येईल, पण तो एकदा काढावा लागेल. मी तक्ता करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.

दुसरी तपासणी पावाची. साधा स्लाइस ब्रेड जाळीभर मांडायचा, फटी न ठेवता, आणि खऱ्या १८० ला सात-आठ मिनिटं ठेवायचा. जिथे पाव जास्त लाल झाला तिथे उष्णता जास्त. आमच्यात मागचा डावा कोपरा तांबूस होतो आणि दाराजवळची रांग पांढरी राहते. दाराला काच एकेरी आहे, तिथून उष्णता बाहेर जाते. यावर इलाज एकच, अर्ध्या वेळेला ट्रे फिरवायचा, मागची बाजू पुढे. दार उघडलं की आकडा चाळीस अंशांनी खाली येतो, तेव्हा फिरवायला पाच सेकंदांपेक्षा जास्त लावायचे नाहीत. आत डोकावून पाहत उभं राहायचं नाही.

हे सगळं समजलं तरी बूड करपायचं थांबेना. ते थांबलं एका जुन्या आठवणीने. लहानपणी दिवाळीआधी आई नानकटाईचं पीठ मळून डब्यात भरायची आणि मी ते पेठेतल्या बेकरीत घेऊन जायचो. बेकरीवाले किलोवर मजुरी घ्यायचे. आपल्यासमोर गोळे वळून पत्र्यावर लावले जायचे, त्यावर चारोळी, आणि लांब दांड्याच्या फळीने पत्रा भट्टीत सरकायचा. लाकडं जाळून निखारे बाजूला ओढलेले असायचे. आत जाळ नाही, आकडा दाखवणारं काही नाही, तरी पत्र्यामागून पत्रा एकसारखा भाजून निघायचा. कारण उष्णता विटांमध्ये साठवलेली. दार दहा वेळा उघडलं तरी विटा निवत नाहीत. आमचा ओव्हन म्हणजे पातळ पत्र्याचा डबा. त्याच्यात उष्णता साठवायला काही नाही, म्हणून तो झोके खातो.

मग विटेच्या जागी काय ठेवता येईल? हिचा दांडा नसलेला, दहा इंची बिडाचा तवा होता. तो सगळ्यात खालच्या कप्प्यात जाळीवर ठेवला आणि कुकीजचा ट्रे मधल्या खाचेत. प्रीहीट वीसऐवजी पंचवीस मिनिटं घ्यावं लागलं, पण आकडा आता दहा-बारा अंशांतच हलतो, आणि दार उघडल्यावर चाळीसऐवजी पंचवीसनेच उतरतो, शिवाय लवकर भरून येतो. त्याहून मोठं काम म्हणजे खालच्या लाल रॉडची थेट धग तव्याने अडवली. बूड करपणं त्या दिवशी संपलं. ओव्हनबरोबर मिळणारा काळा ट्रे मी कुकीजला वापरतच नाही, काळा पत्रा धग जास्त खेचतो. बाजारातून साधा ॲल्युमिनियमचा घेतला, त्यावर बटर पेपर. तोही चांगल्यातला घ्या, अगदी स्वस्त पातळ पेपर कुकीच्या बुडाला चिकटून येतो आणि खाणाऱ्याच्या तोंडात जातो.

एवढी खटपट गाजराच्या कुकीलाच का लागली? नानकटाईत पाणी जवळजवळ नसतं, तुपातलं पीठ असतं, ती खराब ओव्हनलाही सांभाळून घेते. गाजरात शंभर ग्रॅममागे ८८ ग्रॅमच्या आसपास पाणी. ओव्हन कमी तापला असेल तर पीठ धरायच्या आधी लोणी वितळतं, कुकी पसरते, आणि गाजराच्या पाण्यात वाफवल्यासारखी होते. जास्त तापला तर बाहेरून लाल आणि आत चिकट. भाजायला योग्य अशी जागा फार अरुंद आहे. म्हणून मी म्हणतो, नवीन ओव्हन घेतलात तर पहिल्या महिन्यात ही कुकी करून पाहा. ओव्हन कसा आहे ते ती दोन घाण्यांत दाखवते.

गाजर किसायची खिसणी मध्यम भोकांची. बारीक भोकांवर किसलं की लगदा होतो आणि पाणी आवरत नाही. जाड किसलं तर चौदा मिनिटांत शिजत नाही. दीडशे ग्रॅम कीस घ्यायचा, चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं ठेवायचा, मग पातळ फडक्यात घट्ट पिळायचा. पस्तीस-चाळीस ग्रॅम पाणी निघतं. तांबडंलाल, गोड पाणी असतं ते, टाकू नका, आमच्याकडे चपातीच्या कणकेत जातं. या कुकीला थंडीतलं लाल गाजरच हवं. वर्षभर मिळणाऱ्या नारिंगी गाजराची कुकी वाईट होत नाही, पण गोडी कमी पडते आणि दहा-पंधरा ग्रॅम गूळ वाढवावा लागतो. भोगीच्या भाजीत पडणारी आमच्याकडची बारीक गावठी गाजरंही वापरून पाहिली, चव सुरेख, पण मधला दांडा टणक, तो काढावा लागतो.

मूळ कृतीत ब्राऊन शुगर होती. ती मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवली. कऱ्हाड-पाटणच्या पट्ट्यात ऊस आणि गूळ दाराशी असताना ती पिशवी आणायचं कारण नाही. गूळ किंचित आंबट वळणाचा असतो, त्यामुळे खायचा सोडा त्याच्याबरोबर नीट काम करतो, आणि गूळ हवेतली ओल धरतो म्हणून कुकी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. पण गूळ साखरेपेक्षा लवकर तांबूस होतो आणि लवकर करपतो, हे वर सांगितलेल्या तव्याच्या भानगडीमागचं खरं कारण. गूळ किसून, चाळून घ्यायचा. वितळवून घातला तर पीठ सैल होतं.

आता प्रमाण सांगतो. मैदा १०० ग्रॅम, कणीक ६०, ओट्स ५०. लोणी ८० ग्रॅम, मऊ झालेलं, पातळ झालेलं नव्हे. किसलेला गूळ ९०. अंडं एक. पिळलेलं गाजर शंभर-एकशे दहा. सोडा अर्धा चहाचा चमचा, दालचिनीची पूड एक चमचा, सुंठ पाव चमचा, जायफळ चार वेळा किसणीवर फिरवायचं तेवढंच. अक्रोड ४० ग्रॅम, बेदाणे ४०. बेदाणे तासगावचे, आमच्यापासून जवळ, आणि त्यांच्यासाठी दुसरीकडे बघायची गरज मला कधी पडली नाही. आधी लोणी आणि गूळ फेसायचे, मग अंडं, मग गाजर, शेवटी कोरडं सगळं, आणि मैदा दिसेनासा झाला की चमचा थांबवायचा. पीठ फ्रीजमध्ये किमान पाऊण तास. एप्रिल-मे मध्ये इथला पारा चाळिशीला टेकतो तेव्हा दीड तास, नाहीतर लोणी ट्रेवरच सुटायला लागतं. तीस ग्रॅमचे वीस गोळे होतात, तळहाताने हलके दाबायचे, कारण हे पीठ नानकटाईसारखं आपोआप बसत नाही. खऱ्या १७० ला पंधरा मिनिटं, आठव्याला ट्रे फिरवायचा. काढताना मध्ये बोट टेकवलं तर मऊच लागतं, तरी काढायचं. ट्रेवर दहा मिनिटांत ती धरते. कडक होईपर्यंत आत ठेवली तर निवल्यावर दगड.

संकष्टीला किंवा श्रावणात आमची ही अंडं खात नाही, तेव्हा अंड्याच्या जागी तीन मोठे चमचे घट्ट दही. भांडं, चमचा, ट्रे सगळं वेगळं. दह्याची कुकी कमी पसरते, रंग जरा फिका येतो, दोन मिनिटं जास्त लागतात. चव मला तर तीच जास्त आवडते, दह्याची आंबूस छटा गुळाला उठाव देते. केकवर क्रीम चीज लावतात त्याच्या जागी आम्ही श्रीखंडाचा चक्का, पिठीसाखर आणि लिंबाची किसलेली साल असं फेटून दोन कुकीजच्या मध्ये लावतो. नात आली की लावायचं, डब्यात द्यायचं नाही, चक्का प्रवासात टिकत नाही.

सूनबाई म्हणाली, महायुद्धात ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० पासून साखरेचं रेशनिंग होतं, तेव्हा तिथल्या सरकारने लोकांना गाजराची गोड पक्वान्नं करायला शिकवलं होतं. मला ते ऐकून १९७२ चा दुष्काळ आठवला. मी दहा वर्षांचा होतो, सुकडी खाऊन शाळा केली. टंचाईत माणूस गोडी कुठून काढेल सांगता येत नाही. जानेवारीतलं लाल गाजर कच्चं चावून बघा, गूळ नव्वदच का घालतो ते कळेल.

परत ओव्हनकडे येतो. १५०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा ॲम्पिअर. स्वयंपाकघरातल्या साध्या सहा ॲम्पिअरच्या पॉइंटवर हा लावूच नका, एक्स्टेन्शन बोर्डवर तर अजिबात नाही. दुकानदाराने हे सांगितलं नव्हतं, माहितीपुस्तकात बारीक अक्षरात आहे. मी मीटरपासून अडीच चौरस मिलिमीटरची वेगळी तार ओढून १६ ॲम्पिअरचा पॉइंट घेतला. तासभर चालवून दोन घाणे काढले की मीटरवर एक युनिटच्या थोडं वर जातं. म्हणजे बिलाची धास्ती घेण्यासारखं काही नाही.

टायमर यांत्रिक, घड्याळासारखा टिकटिकणारा. तो १५ ला १३ मिनिटांत वाजतो, स्टॉपवॉच लावून पाहिलं. दहापेक्षा कमी लावायचा तर आधी वीसपर्यंत फिरवून मागे आणावा लागतो, नाहीतर स्प्रिंग पुरेशी ताणलीच जात नाही. मी मोबाइलवर वेळ लावतो. बाहेरचा पत्रा हात भाजेल इतका तापतो, वरचा भाग तर विचारू नका, नात घरात असली की मी ओट्यासमोरून हलत नाही. भिंतीपासून चार बोटं नाही, चार इंच लांब ठेवा. खालचा तुकडे पडायचा ट्रे सरकून बाहेर येतो, ही सोय चांगली, गूळ सांडला की लगेच पुसता येतं. दाराच्या बिजागऱ्या दोन वर्षांत ढिल्या झालेल्या नाहीत, रॉड एकही गेला नाही, आतला पत्रा गंजला नाही. बांधणी मजबूत आहे, हे मी हातोड्याचा माणूस म्हणून सांगतो. चुकतंय ते मोजमाप.

पुन्हा घ्यायचा झाला तर हाच आकार घेईन, कारण २८ लिटरमध्ये दहा कुकीजचा ट्रे अंतर ठेवून बसतो आणि खाली तवाही. सोळा-अठरा लिटरचे जे छोटे मिळतात त्यांच्यात वरचा रॉड कुकीच्या डोक्यावरच येतो. पण या वेळी हजार-दीड हजार जास्त देऊन आत पंखा असलेला घेईन. सूनबाईकडे तसा आहे, तिला ट्रे फिरवावा लागत नाही. आणि आतला दिवा हवाच. आमच्यात नाही, मी टॉर्च मारून बघतो.

यंदा भोगीला नात आली होती. तव्यावर तिळाच्या भाकरी झाल्यावर तोच तवा धुऊन, पुसून ओव्हनमध्ये गेला. गोळे तिने दाबले, अंगठ्याचे ठसे उमटलेले तसेच भाजले. वीसातल्या अकरा पुण्याला गेल्या. डब्याचं एक सांगायचं राहिलं. निवल्यावरच झाकण लावा, आणि नानकटाई, शंकरपाळी, चकली असल्या कोरड्या जिन्नसांच्या डब्यात या कुकीज ठेवू नका. गाजराची ओल दुसऱ्या दिवशी सगळ्यांना लागते, आमच्या नानकटाया अशाच मऊ पडल्या. वेगळ्या डब्यात बाहेर तीन दिवस, फ्रीजमध्ये आठवडा. फ्रीजमधली खायच्या आधी तापल्या तव्यावर झाकण घालून दोन मिनिटं ठेवली, की कडा पुन्हा खुसखुशीत होतात.